सात महिन्यांच्या कामगाराकडून उत्पादकता कशी वाढणार? सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांना खुले पत्र

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव आणि वाळूज इथल्या कारखानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक आहे, टर्नरचे (लेथवरचे) आणि सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचे, काम शिकवतो. तुमच्या मशीनवर आज जी मुले उभी आहेत, त्यातली बरीचशी आमच्यासारख्यांच्या हाताखालून गेलेली आहेत. म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला थोडाफार हक्क आहे असे मी धरून चालतो. विषय एकच आहे. ठेकेदारामार्फत घेतलेल्या मुलांना, पुढे कायम करावे लागेल या भीतीने, तुम्ही सहा-सात महिन्यांनी, फार तर अकरा महिन्यांनी, बदलता. ही पद्धत त्या मुलांचे आयुष्य नासवतेच, पण तुमच्या कारखान्याची उत्पादकताही आतून खाते, आणि ती बंद करणे बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे.

मध्यंतरी एक जुना विद्यार्थी बायोडाटा नीट करून घ्यायला आला होता. मूळचा परभणी जिल्ह्यातला. कागदावर कंपन्यांची ही रांग, प्रत्येकीपुढे सहा महिने, सात महिने, पाच महिने. सगळीकडे पद एकच, ऑपरेटर. आमच्याकडे असताना हा मुलगा ड्रॉइंग वाचून स्वतः प्रोग्राम लिहायचा. मी विचारले, ‘ऑफसेट तूच देतोस ना?’ (हत्याराच्या झिजेनुसार मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती म्हणजे ऑफसेट; मशीन जुळवून देणारा तो सेटर.) तो म्हणाला, ‘नाही सर, सेटर देतो. आम्हाला पॅनेलला हात लावू देत नाहीत. नग लावायचा, बटण दाबायचं, नग काढायचा.’ मी फळ्यावर एक साधा टेपर (निमुळता भाग) काढून त्याला प्रोग्राम सांगायला लावला. तो दुसऱ्या ओळीत अडकला. दोन वर्षे घासून शिकलेली गोष्ट तुमच्या गेटच्या आत जाऊन तो विसरला होता.

तुम्ही म्हणाल, नग लावण्यात आणि बटण दाबण्यात शिकण्यासारखे आहे तरी काय? तुम्ही स्वतः लेथवर उभे राहिलेले असाल तर असे म्हणणार नाही. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी पहिल्या पाळीला मशीन थंड असते. स्पिंडल तापेपर्यंत बोअरचे माप काही मायक्रॉनने हलत राहते. मुरलेला ऑपरेटर मशीन थोडा वेळ रिकामे फिरवतो, सुरुवातीचे नग एकेक करून मोजतो आणि मगच गती धरतो. इन्सर्ट (कापणारे पाते) झिजायला लागला की कटिंगचा आवाज बदलतो, चिपचे वळण बदलते, पृष्ठभागावर हलकी रेघ दिसू लागते. गेजवर माप चुकायच्या आधी ते त्याच्या कानाला कळलेले असते. कास्टिंगची नवी लॉट कडक निघाली तर तो लगेच सेटरला हाक मारतो. नग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या कोणत्या पिनखाली बारीक चिप अडकून नग तिरका बसतो, हेही त्याला माहीत असते. यातले फारच थोडे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे तपासणीच्या लेखी आराखड्यात, लिहिलेले असते. बाकीचे त्याच मशीनवर, त्याच नगावर महिनोन्‌महिने उभे राहून अंगात येते. हात बसायला चार-सहा महिने जातात, आणि नेमका हात बसला की तुम्ही त्याला ब्रेक देता.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार नवा मुलगा पाठवतो. शेजारच्या मशीनवरचा मुलगा, जो स्वतः दोन महिन्यांचा जुना असतो, त्याला शिकवतो. पुढचे काही आठवडे रिजेक्शन चढते. कुठे टूल आदळते, कुठे रिवर्कची पेटी भरते. शंभर टक्के तपासणीसाठी जास्तीची माणसे बसवावी लागतात, तरीही चार खराब नग ग्राहकाच्या लाइनवर पोहोचतात आणि डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, येते. हा सगळा खर्च तुमच्या हिशेबात क्वालिटी, स्क्रॅप, टूलिंग या सदरांखाली पडतो. मजुरीच्या सदरात त्याचा एक रुपयाही दिसत नाही. म्हणून ठेक्यावरचा मुलगा स्वस्त वाटतो. आपल्या देशातल्या कारखान्यांच्या एकूण उत्पादनमूल्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा दहा टक्क्यांच्या बराच खाली आहे. खरा पैसा कच्च्या मालात आणि मशीनमध्ये अडकलेला असतो. मजुरीत दात कोरून पोट भरत नाही, उलट तो महागडा माल आणि ती महागडी मशीन तुम्ही सर्वात कच्च्या हातात देता.

प्रेस शॉपबद्दल तर वेगळे सांगायला नको. नवख्या माणसाला पॉवर प्रेसवर उभे केले की किंमत बोटांनी चुकवावी लागते. वाहनउद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. त्यात चिरडलेल्या बोटांची आणि हातांची तीच ती कहाणी आहे आणि जखमींमध्ये ठेक्यावरचे तरुण मोठ्या संख्येने आहेत. ज्याच्या हाताची बोटे गेली, त्याच्यासाठी उत्पादकतेची सगळी चर्चा संपलेली असते.

हे एकट्या पुणे-औरंगाबाद पट्ट्यातले दुखणे नाही. केंद्राच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये कारखान्यांतले ४० टक्क्यांहून अधिक कामगार ठेकेदारामार्फत आलेले होते. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. म्हणजे वीस-बावीस वर्षांत आपण ते दुप्पट केले. याच काळात, २०११ मध्ये, सरकारने राष्ट्रीय उत्पादन धोरण आणले. २०२२ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा २५ टक्के आणि १० कोटी नवे रोजगार, असे त्याचे उद्दिष्ट होते. २०१४ मध्ये ‘मेक इन इंडिया’ आले, मग उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आल्या. कारखानदारीचा वाटा मात्र १७ टक्क्यांच्या आतबाहेरच घुटमळतो आहे. याला वीज, जमीन, व्याजदर, आयात अशी डझनभर कारणे आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माणूस टिकवण्यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

गरीब देशांत नवे कारखाने आले की माणसे टिकत नाहीत, हा अनुभव सगळीकडचा आहे. इथिओपियात ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डेरकॉन या अभ्यासकांनी पाच कारखान्यांतल्या नोकऱ्या अर्जदारांना चिठ्ठ्या टाकून देवविल्या. ज्यांना नोकरी मिळाली त्यातले सुमारे एक-तृतीयांश पहिल्याच महिन्यात सोडून गेले आणि वर्षभरात तीन-चतुर्थांशांहून अधिक गेले. धूळ, रसायने, लांबलचक पाळ्या, आणि पगार बाहेरच्या कामाहून जास्त नाही, मग राहतील कशाला? तिथे माणसे आपणहून जातात. आपल्याकडे परभणीचा, बीडचा, वाशिमचा मुलगा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे भाडे भरून, मेसचा डबा खाऊन टिकायला तयार असतो, आणि आपण त्याला काढून लावतो.

आता आपल्या दाराशीच झालेला एक प्रयोग सांगतो. तो तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवा असे मला मनापासून वाटते. २००८ पासून अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये काम केले. त्या सगळ्या कुटुंबाच्या मालकीच्या होत्या, तुमच्यासारख्याच. काही कारखान्यांना पाच महिने मोफत सल्लागार दिले, बाकीच्यांना फक्त महिनाभराची पाहणी. सल्लागार आले तेव्हाची अवस्था अशी: गोदामात सूत कुठेही पडलेले, फरशीवर कचरा, माग का बंद पडला याची नोंद नाही, कापडातल्या दोषांची पाहणी होते पण त्याचे कारण कोणी शोधत नाही. सल्लागारांनी नवे माग घेतले नाहीत. मशीनची देखभाल वेळापत्रकाने सुरू केली, दोषांची रोज नोंद ठेवली, त्या नोंदीवर रोज बैठक घेतली, सूत जातवार लावले, चांगल्या कामाला बक्षिसी ठेवली. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मालकांनी हे आधी का केले नव्हते? बहुतेकांचे म्हणणे होते की आमचा धंदा बरा चालला आहे आणि शेजारच्यापेक्षा आमचा माल काही वाईट नाही. हे वाक्य मी चाकणलाही ऐकतो. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. जवळपास नऊ वर्षांनी तेच संशोधक त्या कारखान्यांत परत गेले. सुरू केलेल्या चांगल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. का पडल्या, तर एक मोठे कारण निघाले की ज्या व्यवस्थापकांनी त्या बसवल्या, ते कंपनी सोडून गेले होते. माणूस गेला की पद्धतही त्याच्याबरोबर गेली. जे व्यवस्थापकाच्या बाबतीत खरे, ते ऑपरेटरच्या बाबतीत खरे नाही असे कोण म्हणेल?

हाच धडा फोर्डने शंभर वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतला. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात सुमारे १४,००० माणसे कामावर हजर राहावीत म्हणून वर्षभरात ५२,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली. असेंब्ली लाइन जगात सर्वात पुढची, आणि तिच्यावर रोज नवखा माणूस. जानेवारी १९१४ मध्ये मजुरी जवळपास दुप्पट करून दिवसाला पाच डॉलर केली आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. सोडून जाणारे थांबले, गैरहजेरी कोसळली आणि मोटारीची किंमत त्यानंतरही उतरतच गेली. याच मालकाने मजुरी वाढवताना कामगारांच्या घरात डोकावणारे एक खातेही काढले होते, ते आपण घेऊ नये. मजुरी आणि टिकणे यांचा धागा तेवढा घ्यावा.

स्वीडनमधल्या होर्नदाल पोलाद कारखान्याची गोष्टही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगतात. तिथे १५ वर्षे नवी गुंतवणूक जवळजवळ झालीच नव्हती, तरीही दरमाणशी उत्पादन वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत राहिले. काम करता करता माणसे शिकत गेली, एवढेच त्याचे कारण. पण दर सात महिन्यांनी माणूस बदलला तर शिकणे साठणार कुठे?

आणि परदेशात कशाला जायचे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, कारखाना आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे तिथे नांगर ओतायला शिकली आणि तिथलीच झाली. सुमंत मुळगावकरांनी १९६० च्या दशकात पुण्यात टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी करताना वाहनांच्या आधी प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूलचा विभाग उभा केला. त्या शिकाऊ मुलांतल्या कित्येकांनी पुढे भोसरीत स्वतःचे वर्कशॉप काढले. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी काहींचे वडील त्यातले असतील. त्यांना जर तेव्हा सातव्या महिन्यात गेटबाहेर काढले असते, तर आज तुमचा कारखाना नसता.

तुमच्या अडचणी मला दिसतात. मोठा ग्राहक दरवर्षी दर कमी करून मागतो. शेड्यूल महिन्याच्या मध्यावर बदलते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत देण्याची तरतूद २००६ च्या कायद्यापासून आहे, पण ती दाखवून पैसे मागायला गेले तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती खरी आहे. या बाबतीत तुमच्या संघटनांनी मोठ्या कंपन्यांशी ठणकावून बोलले पाहिजे आणि तुम्ही बोललात तर आमच्यासारखे लोक तुमच्या बाजूने उभे राहतील. ऑर्डर खाली-वर होते म्हणून काही माणसे तात्पुरती लागणार, हेही मान्य. मग ती पॅकिंगला, माल चढवण्या-उतरवण्याला घ्या. मशीनवर, प्रेसवर, तपासणीवर घेऊ नका.

राहिली कायद्याची भीती. २४० दिवस भरले की कामगार गळ्यात पडतो, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. आधीचा औद्योगिक विवाद कायदा आणि आता त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता नीट वाचली तर काय दिसते? इतके दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सरकारची परवानगी घ्यायचे कलम जुन्या कायद्यात १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तो आकडा ३०० वर नेला. शिवाय कमी केलेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी पंधरा दिवसांची मजुरी भरायची आहे. तुमच्यापैकी बहुतेकांकडे तीनशे कामगार नाहीतच. म्हणजे वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराची जबाबदारी टाळण्यासाठी तुम्ही दर सात महिन्यांनी शिकलेला माणूस फेकून देता. एका टूल क्रॅशची दुरुस्ती याहून महाग पडते, हे तुम्हीच तुमच्या मेंटेनन्सच्या बिलांवरून पडताळून पाहा.

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. त्यातल्या काही तरतुदींवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि मला त्यातले बरेच पटतात. पण ठराविक मुदतीच्या नोकरीची तरतूद तुम्ही चांगल्या अर्थाने वापरू शकता. त्यात कामगार थेट तुमच्या हजेरीपटावर येतो, मधला ठेकेदार जातो, कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्याव्या लागतात, आणि एक वर्ष पूर्ण झाले की ग्रॅच्युइटी लागू होते. मुदत संपली तर ती कपात ठरत नाही. मग मुदत अकरा महिन्यांची कशाला ठेवता? तीन वर्षांची ठेवा. यातही पळवाटा काढता येतील, वर्ष भरायच्या आत पत्र संपवून पुन्हा नवे पत्र देता येईल. तसे केलेत तर ठेकेदाराचे कमिशन वाचेल, बाकी काहीच बदलणार नाही.

संघटना होईल ही भीतीही मी जाणतो, कारण ती सगळ्यात हळू आवाजात सांगितली जाते. ज्या मुलाला ठाऊक आहे की दिवाळीला आपण इथे नसणार, तो संघटना करत नाही हे खरे. पण तो सूचनाही देत नाही. तुमच्या काइझेनच्या, म्हणजे छोट्या सुधारणा सुचवायच्या, फळ्यावर सुपरवायझरच रात्री बसून सूचना लिहितात, हे मला त्याच सुपरवायझरांनी सांगितले आहे. चुकीचा नग हातात आला तर नवखा मुलगा तो गुपचूप चांगल्या पेटीत टाकतो, कारण दाखवला तर उद्याच गेट बंद. मशीन थांबवून ‘इथे काहीतरी बिघडतंय’ असे म्हणायची हिंमत येण्यासाठी उद्याच्या कामाची खात्री लागते. जपानी पद्धतीच्या लाइनवर दोरी ओढून काम थांबवायचा हक्क प्रत्येक कामगाराला असतो. तुम्ही ती दोरी विकत आणली आहे, पण ती ओढणाऱ्याच्या नोकरीची हमी दिलेली नाही.

मग काय करा, असे विचाराल तर मी फार मोठे काही सांगणार नाही. मशीनवरचा मुलगा तुमच्या हजेरीपटावर घ्या, निदान दोन-तीन वर्षांसाठी. त्याला पुढची पायरी दाखवा. सहा महिन्यांनी स्वतःचा ऑफसेट स्वतः देता आला पाहिजे, वर्षाने इन्सर्ट आणि पहिला नग त्याच्या जबाबदारीवर, दोन वर्षांनी सेटिंग, आणि प्रत्येक पायरीला पगारात स्पष्ट फरक. सेटरला पॅनेलची किल्ली सोडायला सांगा. सुरुवातीला तो कुरकुरेल, कारण त्याचे महत्त्व त्या किल्लीत आहे. त्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या. आणि महिन्याच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये रिजेक्शनच्या आकड्याशेजारी एक आकडा आणखी मांडा, या महिन्यात कोणत्या मशीनवरचा माणूस बदलला. दोन्ही आकडे सहा महिने शेजारी शेजारी ठेवा. माझे म्हणणे तुमच्याच फळ्यावर तुम्हाला पटेल किंवा खोटे ठरेल, दोन्ही मला चालेल.

आमच्या बाजूनेही सुधारायला हवे. आमच्याकडच्या कित्येक मशीन जुन्या आहेत, तुमच्याकडे असलेले कंट्रोलर मुलांना शिकताना पाहायला मिळत नाहीत. तुमचा एखादा अनुभवी सेटर आठवड्यातून अर्धा दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये पाठवलात तर मी माझा तास त्याच्या हाती देईन आणि मुलांमध्ये बसून मीही शिकेन.

परीक्षा झाल्या की मुलांची नवी तुकडी बाहेर पडेल आणि नेहमीप्रमाणे तुमचे एचआरवाले कॅम्पस मुलाखतींना येतील. या वेळी त्यांच्याकडून मी पगार आणि कँटीन यांच्याबरोबर आणखी एक माहिती लेखी मागणार आहे: दोन वर्षांपूर्वी तुम्ही आयटीआयमधून जितकी मुले घेतलीत, त्यातली आज किती तुमच्याकडे आहेत? प्रत्येक कंपनीच्या नावापुढे तो आकडा मुलाखतीच्या आदल्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर लिहिला जाईल. कुठे जायचे ते मुले आणि त्यांचे आईवडील ठरवतील. हा आकडा चांगला असेल तर माझ्या वर्गातली सगळ्यात तयार मुले तुमच्या दाराशी मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक शिल्पनिदेशक